बातमी आली तेव्हा कुठं होतात? घरातल्या मोठ्यांच्या आठवणी टिपताना

३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी आठवते, ती माणसं आज ऐंशी ओलांडून पुढं गेली आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आपल्या घरांत असं एखादं माणूस अजून असेल, तर हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मुलांच्या आज्ज्या-आजोबांकडून आणि माझ्या घरातून अशा आठवणी मी वर्षानुवर्षं टिपत आले. त्यातून जे कामाचं वाटलं ते इथं सांगते.

आधी एक ठरवून घ्या. आपल्याला इतिहास गोळा करायचा नाही. गांधीजी दिल्लीत बिर्ला हाऊसमध्ये प्रार्थनेला निघाले होते, संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी नथुराम गोडसेनं त्यांना गोळ्या घातल्या, हे सगळीकडं छापलेलं आहे. ते आज्जीकडून वदवून घेण्यात काही अर्थ नाही. ती बातमी शहापूरच्या मागाच्या घरात किंवा नंदगडच्या बाजारात कोणाच्या तोंडून शिरली, घरातल्या मोठ्या माणसांचं काय झालं, आणि हे बघणाऱ्या पोराला ते कसं उलगडलं, हे मात्र कुठं छापलेलं नाही. आपल्याला ते हवं आहे.

साधी वही घ्या. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं लिहा ‘तेव्हा पाहिलं’, उजवीकडं ‘नंतर कळलं’. वहीच्या पहिल्या पानावर या रेघेचा अर्थ दोन ओळींत लिहून ठेवा, कारण वही पुढं कोणाच्या हाती पडेल ते आपल्याला ठाऊक नसतं. लहानपणी पाहिलेलं आणि पुढं शाळेत शिकलेलं, कीर्तनात ऐकलेलं, टीव्हीवर बघितलेलं, हे सगळं साठ-सत्तर वर्षांत पार मिसळून जातं. सांगणाऱ्या माणसाला ते सुटं करता येत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. ते काम लिहिणाऱ्याचं.

माझ्या आईची आठवण नमुन्याला देते. आई शहापूरची, विणकराच्या घरातली, १९४८ साली आठ वर्षांची. शहापूर बेळगावला अगदी चिकटून असलं तरी तेव्हा सांगली संस्थानात होतं. तिचा डावा रकाना असा आहे:

‘रात्री माग थांबला. तात्या जेवणाआधी थोडं विणत बसायचे, त्या आवाजात मला झोप लागायची. आवाज बंद झाला तशी मी उठून बसले. दारात कोण तरी कंदील घेऊन उभं होतं. तात्या मागावरनं उतरले नाहीत, धोटा हातात धरून तसेच बसले. आईनं पदर तोंडाला लावला होता. दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही, आम्हा पोरांना चिरमुरे आणि गूळ दिला. मग एका दिवशी शेजारच्या काकूंनी दोन पितळी डबे आणून आमच्या सुताच्या गठ्ठ्यामागं ठेवले. कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही.’

यात गांधीजींचं नाव कुठंच नाही. ते तिला सकाळी गल्लीत कळलं, मोठ्या पोरांच्या बोलण्यातून. उजव्या रकान्यात मी लिहिलं: मारेकरी कोण, कुठल्या जातीचा, हे कळल्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीत सापडला. ती भीती आमच्या आजोळच्या गल्लीपर्यंत पोचली होती, ते डबे त्यासाठी होते. आता ‘जळिताच्या भीतीनं शेजारणीनं भांडी लपवली’ असं एकच वाक्य मी लिहिलं असतं, तर ते खोटं ठरलं नसतं. पण सुताच्या गठ्ठ्याकडं बघत उभी राहिलेली आठ वर्षांची मुलगी त्या वाक्यात उरली नसती.

विचारायची वेळही नीट निवडा. समोर बसून, फोन पुढं करून ‘आज्जी, सांग’ म्हटलं की आज्जी भाषण करायला लागते. शाळेतल्या कार्यक्रमात बोलावं तसं, ‘थोर नेते आपल्याला सोडून गेले’ वगैरे. तिच्या हाताला काम असू द्या. शेंगा फोडताना, वाती वळताना, तांदूळ निवडताना जाऊन बसा आणि तुम्हीही दोन शेंगा फोडा. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका हात चालू असतानाच फार चांगलं बोलतात, हात थांबला की गप्प होतात. दुपारच्या जेवणानंतरची वेळ बरी. रात्री म्हाताऱ्या माणसांना असल्या आठवणी काढायला लावू नका, झोप उडते.

‘तुला काय वाटलं?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं आहे, ‘वाईट वाटलं.’ त्याच्यापुढं काही निघत नाही. नजरेला, हाताला, पोटाला धरून विचारा. सांगायला कोण आलं? तू कुठं उभी होतीस, उंबऱ्याच्या आत की बाहेर? दिवा लागला होता का? हातात काय होतं? त्या दिवशी घरात काय शिजलं? चूल पेटली का, नसेल तर पोरांना काय दिलं? बाजार भरला का? मोठ्यांपैकी कोणी एरवी कधी करत नाही असं काही केलं का? या शेवटच्या प्रश्नाला फार मोलाची उत्तरं मिळतात. कधीही न रडणारे आजोबा, दुपारीच घरी आलेला बाप, देवापुढं दिवा न लावलेली आई. मुलाला बातमी समजत नाही, पण घरातली घडी विस्कटलेली लगेच कळते.

आणि एक प्रश्न शेवटी जरूर विचारा: ‘तुला कुणी समोर बसवून समजावून सांगितलं का, की ऐकून ऐकूनच कळलं?’ मी विचारलेल्या बहुतेक सगळ्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. ‘आज खेळू नका रे’ असं कोणीतरी दरडावलं आणि तिथून सुरुवात झाली. मग दाराआडून कुजबूज, मग गल्लीतल्या मोठ्या पोरांनी सांगितलेली तिखटमीठ लावलेली गोष्ट, मग शाळेत गुरुजींनी सगळ्यांना उभं केलं तेव्हा खात्री. हा क्रम जसाच्या तसा उतरवून घ्या. मधल्या टप्प्यावर मुलांनी आपल्या मनानं जे अर्थ लावलेले असतात, तेही. एका आजोबांना लहानपणी वाटलं होतं की दिल्ली म्हणजे बेळगावच्या किल्ल्यापलीकडं कुठंतरी आहे आणि मारेकरी रात्री पायी चालत आपल्या गावात येईल. म्हणून ते आईच्या लुगड्याला गाठ मारून झोपले. ‘हे लिहू नका, लोक हसतील,’ म्हणाले. मी त्यांची परवानगी घेऊन लिहिलं. सबंध वहीत माझ्या मते त्याहून खरी ओळ नाही.

माणूस बोलता बोलता थांबलं तर पुढचा प्रश्न टाकू नका. शेंगा फोडत बसा. आणि तीच गोष्ट महिन्याभरानं पुन्हा ऐका. दोन्ही वेळा जे जसंच्या तसं येतं ते बहुधा डाव्या रकान्यातलं असतं. जे बदलतं ते खोडू नका, बाजूला तारीख घालून दुसरं रूपही लिहा.

फोनवर आवाज घ्यायचा असेल तर फोन विमान मोडवर टाका, खाली जाड कापड घाला, मिक्सर आणि टीव्ही बंद करा. सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव बोला. आवाज घेतोय हे आधी सांगा. चोरून घेतलेला आवाज आपल्याच माणसाचा असला तरी ती चोरीच.

आता आपल्या भागातल्या दोन-तीन जागा सांगते, जिथं आठवणी एकमेकींत शिरतात.

पहिली, ‘मी गांधींना पाहिलं.’ बेळगावात हे वाक्य फार ऐकू येतं. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन, त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. १९३८ ला जन्मलेलं माणूस ‘वडलांच्या खांद्यावर बसून टिळकवाडीत पाहिलं’ म्हणत असेल, तर ती वडलांची आठवण लेकानं आपलीशी केलेली आहे. पण लगेच खोटं पाडायला जाऊ नका. एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन बेळगाव जिल्ह्यातच हुदलीला झालं आणि गांधीजी तिथं आले होते. १९३० च्या आसपास जन्मलेल्या एखाद्या पोरानं त्यांना तिथं खरोखर पाहिलेलं असू शकतं. म्हणून आधी जन्मसाल विचारा, मग गाव विचारा, मग ‘खादीवाले, झोपड्या, खेडं आठवतं की शहर?’ असं विचारा. आठवण वडलांची निघाली तरी ती फेकायची नाही. उजवीकडं ‘वडलांकडून’ असं लिहून ठेवायची.

दुसरी जागा अधिक नाजूक. आपल्याकडं जानेवारीत दोनदा गोळी चालल्याची आठवण आहे. एक ३० जानेवारी १९४८ ची, दिल्लीतली. दुसरी १७ जानेवारी १९५६ ची, सीमालढ्यात बेळगावातच झालेल्या गोळीबाराची, ज्यातल्या हुतात्म्यांना आपण दर वर्षी अभिवादन करतो. १९४५ च्या सुमारास जन्मलेल्या मुलानं ‘गोळ्या घातल्या, गल्ली बंद, घरात रडारड’ असं सांगितलं तर ते यातलं कुठलं, हे त्यालाही ठाम सांगता येईलच असं नाही. तेव्हा विचारा: तू कितवीत होतास? रस्त्यावर पोलीस होते का? लोक घोषणा देत होते की गप्प होते? १९४८ मध्ये लोक गप्प होते, असं मला पुन:पुन्हा सांगितलं गेलं. १९५६ मध्ये रस्त्यावर आवाज होता. त्यावरून बहुधा उलगडा होतो. नाही झाला तर दोन्ही तारखा लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट राज्याची. १९४० साली बेळगावात जन्मलेलं माणूस घर न सोडता मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून कर्नाटक, एवढ्यांत राहिलं. याचा साल ठरवायला उपयोग करून घ्या. मोठ्या माणसाला साल आठवत नाही, पण शाळेच्या नकाशावर कुठलं राज्य होतं, मास्तर कुठल्या भाषेत हजेरी घेत, हे आठवतं. नेहरू गेले ते २७ मे १९६४ ला, दुपारी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि म्हैसूर राज्यात. शास्त्रीजी ताश्कंदमध्ये वारले ते ११ जानेवारी १९६६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे शाळा चालू असताना. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, तेव्हा अंगावर घोंगडी होती का, हेसुद्धा विचारण्यासारखं आहे. राजीव गांधी श्रीपेरुंबुदूरला मारले गेले ते २१ मे १९९१ च्या रात्री, निवडणुकीच्या धामधुमीत. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर. बेळगावची मिरवणूक तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्यामुळं चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना ‘गणपती बोळवताना कुठं होतास?’ एवढं विचारलं तरी पुरे.

स्वतःची आठवण लिहितानाही हीच रेघ वापरा. ते जास्त अवघड आहे, कारण आपल्याला आपलं सगळं डावीकडचंच वाटतं. माझी ३१ ऑक्टोबर १९८४ ची. मी दहा वर्षांची, आप्पांचं खानापूरच्या बाजारात किराणा दुकान. शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या, प्रत्येकीवर रंगानं नंबर घातलेला. रात्री दुकान बंद करताना मी नंबर म्हणत फळी पुढं करायची आणि आप्पा खोबणीत बसवायचे. त्या दिवशी भर दुपारी फळ्या लागल्या. काका नंबर न बघता हाताला येईल ती फळी घालत होते, आणि आप्पा त्यांना काही बोलत नव्हते. चंदगडची मावसभावंडं दिवाळीच्या सुट्टीला आमच्याकडं आली होती, त्यांना दंडाला धरून आत घेतलं. गुळाची ढेप उघडीच राहिली. संध्याकाळी रेडिओपुढं माणसं जमली होती, पण खाली कुणी बसत नव्हतं.

उजवीकडं मी बरंच नंतर लिहिलं. इंदिरा गांधींना सकाळी नऊच्या पुढं त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी घराच्या आवारात गोळ्या घातल्या. आकाशवाणीनं मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी सहाच्या सुमाराला, बीबीसीनं त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे दुपारी आमच्या बाजारात पसरलेली बातमी एक तर बीबीसी ऐकणाऱ्या कोणाकडून आली होती किंवा टेलिफोनवरून. असा ताळा घातला की नवीन प्रश्न हाताशी येतात. बाजारात बीबीसी कोण लावायचं? फोन कोणाच्या पेढीवर होता? हे विचारत गेल्यावर आणखी तीन-चार घरांच्या आठवणी मला आपोआप मिळाल्या. सुट्टीचंही तसंच. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला धरून असते, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. त्या वर्षी दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. भावंडं चंदगडहून, म्हणजे महाराष्ट्रातून आलेली होती, हे म्हणून जुळतं.

त्यानंतरच्या दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, हा सरकारी चौकशीतून आलेला आकडा. माझ्या डाव्या रकान्यात यातलं एक अक्षर नाही. मला ते कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि आमच्या दुकानात उभ्या असलेल्या त्या माणसांना तेव्हा किती माहीत होतं हा प्रश्न मला आजही सोडत नाही. म्हणून मी आता ८४ ची आठवण सांगणाऱ्या प्रत्येकाला पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या पंजाबी ढाब्यांबद्दल आणि ट्रक ड्रायव्हरांबद्दल विचारते. तुम्हीही विचारा. शिवाय दुसरा दिवस १ नोव्हेंबर, बेळगाव म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधाचा आपल्याकडचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव. त्या वर्षी तुमच्या गावात त्या दिवशी काय झालं, काय झालं नाही, हेही लिहून घ्या.

जळिताच्या आठवणींबाबत एक विनंती. ज्यांची घरं जळाली त्यांची मुलं आज म्हातारी आहेत, आणि जमावात जे उभे होते त्यांचीही. दोघंही एकाच गल्लीत, एकाच देवळात भेटतात. लहानपणी पाहिलेलं लिहा, पण ‘अमक्याच्या आजोबानं काडी लावली’ असं नावानिशी लिहू नका. सांगणाऱ्यानं नाव घेतलंच तर वहीत ‘ओळखीचा माणूस’ लिहा. आणि ही पानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथून ती कुठं जातील आणि कोण त्यांचं काय करेल, हे आपल्या हाती राहत नाही. या आठवणी कोणावर फेकायला गोळा करायच्या नाहीत. एखाद्यानं ‘हे नको बोलायला’ म्हटलं तर तिथंच विषय सोडा, पुन्हा काढू नका.

भाषा सांगणाऱ्याची ठेवा. पोलीस, कंडक्टर, धारवाडहून आलेला व्यापारी काय म्हणाला ते सांगताना आपली माणसं सहज कन्नड बोलतात. ‘गांधीजी होद्रंत’ असं तो दारात येऊन म्हणाला असेल, तर देवनागरीत तसंच लिहा आणि गांधीजी गेले म्हणे, हा अर्थ उजवीकडं द्या. ‘हुतं’, ‘म्हाईत नाही’, ‘बसलोय की’ हे सुधारून शाळेच्या मराठीत आणू नका. मी स्वतः शिक्षिका, माझ्या हातात लाल पेन फार वर्षं होतं, तरी सांगते.

ताळा घालायला वार बघा, फोनच्या कॅलेंडरमध्ये कुठल्याही सालाचा निघतो. ३० जानेवारी १९४८ शुक्रवार होता, ३१ ऑक्टोबर १९८४ बुधवार. गावच्या आठवड्याच्या बाजाराशी तो जुळतो का ते पाहा. जुन्या ‘तरुण भारत’चे किंवा ‘पुढारी’चे अंक वाचनालयात बघायला मिळाले तर त्या आठवड्याची पानं चाळा, फक्त मुख्य बातमी नको, आतल्या पानावरची गावोगावच्या बंदची आणि शोकसभांची लहान टिपणंही. आठवण आणि छापलेलं जुळलं नाही, तरी आठवण दुरुस्त करायची नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या.

सगळं लिहून झालं की सांगणाऱ्याला सावकाश वाचून दाखवा. वाचताना डावा रकाना वाचा, मग विचारून उजवा. त्यांनी काही काढायला सांगितलं तर काढा. दोन प्रती करा, एक त्यांच्या घरी, एक तुमच्याकडं. आवाजाची फाईल फोनमध्येच ठेवली तर फोनबरोबर जाते, म्हणून पेन ड्राइव्हवर आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या संगणकावर एकेक प्रत घाला. फाईलला गाव, साल, प्रसंग आणि नातं असं नाव द्या: ‘शहापूर १९४८ गांधीजी आई’.